जिथे मारा कमी, तिथे गळती जास्त: व्हेलो डिटेक्टरच्या सिलिकॉनवरील रेडिएशन-देखरेखीचा प्रकरण अभ्यास

जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर एलएचसीबी प्रयोगाचा व्हर्टेक्स लोकेटर, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘व्हेलो’, हा टकरींतून निघणाऱ्या कणांच्या वाटा टिपणारा सिलिकॉनचा डिटेक्टर प्रोटॉनच्या झोतापासून अवघ्या ८ मिलिमीटरवर बसवलेला होता. इतक्या जवळचे सिलिकॉन झिजणार हे बांधतानाच ठाऊक होते. प्रश्न एवढाच होता, की किती, कधी आणि कोणत्या क्रमाने. २०१० आणि २०११ या पहिल्या दोन वर्षांच्या नोंदींत बरेचसे अंदाज खरे ठरले. लीकेज करंट, म्हणजे कण जात नसतानाही सेन्सरमधून वाहणारा करंट, हिशेबाप्रमाणे वाढला. आतल्या कडेचे सिलिकॉन एन-प्रकाराचे (मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे) होते ते पी-प्रकारासारखे (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांचे, म्हणजे होलचे) वागू लागले, तेही कणांच्या अपेक्षेच्या आसपासच्या माऱ्यावर. त्यात एक गोष्ट मात्र बसेना. काही सेन्सरमध्ये कणांच्या खुणा हरवत होत्या आणि त्या झोताजवळ नव्हे, बाहेरच्या कडेला जास्त हरवत होत्या. म्हणजे जिथे मारा सर्वांत कमी, तिथे.

हे कोडे कसे पकडले गेले हा या प्रकरणाचा गाभा आहे. पण त्याआधी नेहमीची देखरेख कशी चालते ते पाहावे लागेल. ती नीट नसती, तर ही गळती ‘सिलिकॉन म्हातारे झाले’ या एका वाक्यात दडपली गेली असती.

सेन्सरची बांधणी

व्हेलोत ४२ मॉड्यूल. प्रत्येक मॉड्यूलवर पाठीला पाठ लावून दोन सेन्सर, एक आर-प्रकारचा आणि एक फाय-प्रकारचा. एकूण ८४. प्रत्येक सेन्सर म्हणजे ३०० मायक्रोमीटर जाडीची अर्धी चकती, जिचा संवेदनशील भाग ८.२ मिलिमीटर त्रिज्येपासून ४२ मिलिमीटरपर्यंत पसरलेला. आर-सेन्सरच्या पट्ट्या समकेंद्री कमानींसारख्या असतात आणि कणाचे झोतापासूनचे अंतर सांगतात. फाय-सेन्सरच्या पट्ट्या आतून बाहेर जातात आणि कोन सांगतात. पट्ट्यांमधले अंतर आत ४० मायक्रोमीटर, बाहेर सुमारे १००. दर सेन्सरला २,०४८ पट्ट्या, आणि त्या वाचायला १२८ चॅनेलच्या १६ बीटल चिप. या चिप सेन्सरच्या बाहेरच्या कडेला बसतात. वाचताना हे किरकोळ वाटेल, पण पुढे सगळे याच्यावरच येऊन ठेपते.

बहुतेक सेन्सर एन-ऑन-एन जातीचे, म्हणजे एन-प्रकारच्या सिलिकॉनवर एन-प्लस पट्ट्या आणि पाठीला पी-प्लस थर (‘प्लस’ म्हणजे मुद्दाम दाट अशुद्धी घातलेला). झोताच्या दिशेतल्या एका टोकाच्या मॉड्यूलवर मात्र एन-ऑन-पी सेन्सर लावले होते. त्या काळात कोलायडरवर वापरात असलेले या जातीचे ते एकमेव सेन्सर, त्यामुळे तुलनेसाठी हाताशी आयता नमुना होता.

सगळी रचना निर्वात कोठीत बसते. झोताची निर्वात जागा आणि सेन्सरची निर्वात जागा यांच्यामध्ये सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. झोत भरताना दोन्ही अर्धे भाग सुमारे ३ सेंटिमीटर मागे सरकतात आणि झोत स्थिर झाला की पुन्हा जवळ येतात. थंडावा कार्बन डायऑक्साइडच्या बाष्पीभवनातून मिळतो आणि सिलिकॉन उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. अशा यंत्रातून सेन्सर काढून प्रयोगशाळेच्या टेबलावर तपासता येत नाही. जे काही कळायचे ते विजेच्या तारांतून आणि कणांच्या खुणांतूनच.

मारा मोजायचा कसा

प्रोटॉन, पायॉन, न्यूट्रॉन यांची सिलिकॉनच्या जाळीतला अणू जागेवरून ढकलण्याची ताकद वेगवेगळी. म्हणून सगळ्यांचा मारा १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या न्यूट्रॉनच्या भाषेत मांडतात: तितकेच नुकसान करायला असे किती न्यूट्रॉन दर चौरस सेंटिमीटरमधून जावे लागले असते? या लेखात ‘कण’ म्हटले की हा समतुल्य न्यूट्रॉन समजावा, आणि मोजमापाला ‘लाख कोटी’ हे आपले माप बरोबर बसते. पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त मार बसलेल्या जागेवर सुमारे ४५ लाख कोटी कण प्रति चौरस सेंटिमीटर इतका मारा झाला.

हा आकडा थेट मोजलेला नसतो. किती टकरी झाल्या हे ल्युमिनॉसिटीवरून कळते (तिच्या साठत गेलेल्या बेरजेचे एकक व्यस्त फेम्टोबार्न) आणि एका टकरीमागे कुठे किती मारा बसतो हे संगणकी अनुकरणातून येते. एक व्यस्त फेम्टोबार्न म्हणजे सुमारे ७० लाख कोटी प्रोटॉन-टकरी. २०११ अखेर एलएचसीबीला साधारण १.२ व्यस्त फेम्टोबार्न मिळाले होते. त्रिज्या वाढली की मारा जवळपास तिच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. म्हणजे एकाच सेन्सरवर आतल्या आणि बाहेरच्या कडेत पंचवीसेक पटींचा फरक. ‘या सेन्सरवर किती मारा झाला’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसते. सगळ्या सेन्सरला एकाच काठीने हाकले, तर पुढचे काहीच दिसत नाही.

पहिली नाडी: लीकेज करंट

जाळीतून अणू निसटले की एरवी इलेक्ट्रॉनांना मज्जाव असलेल्या ऊर्जा-अंतरात मधल्या पातळ्या तयार होतात आणि त्यांच्यावरून इलेक्ट्रॉन-होल जोड्या आपोआप उसळत राहतात. हा करंट माऱ्याच्या आणि घनफळाच्या सरळ प्रमाणात वाढतो. सिलिकॉन कोणत्या कारखान्याचे, किती शुद्ध, याने फारसा फरक पडत नाही. म्हणून देखरेखीतले हे सर्वांत भरवशाचे आणि सर्वांत स्वस्त माप. प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र हाय-व्होल्टेज चॅनेल असतो. झोत नसताना नेमक्या १५० व्होल्टवर करंट वाचायचा आणि शेजारी तापमान नोंदवायचे, एवढेच काम.

बहुतेक चुका या तापमानाच्या नोंदीतच होतात. उणे ७ अंशांजवळ तापमान एका अंशाने सरकले, तर करंट सुमारे ११ टक्क्यांनी बदलतो. थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा घटक, सिलिकॉनवर नसून चिप बसवलेल्या हायब्रिड बोर्डवर असतो आणि निर्वातात बोर्ड आणि सिलिकॉन यांच्यात फरक राहतो. हा फरक दोन अंशांनी चुकला, की वीस टक्क्यांहून जास्त ‘रेडिएशनची झीज’ हवेतून निर्माण होते किंवा खरी झीज गायब होते. तापमान न नोंदवलेला करंटचा आकडा देखरेखीत धरूच नये, असे आमचे मत आहे.

वेगवेगळ्या वेळचे आकडे एका तापमानावर आणताना तापमानाचा वर्ग आणि ऊर्जा-अंतराचा घातांक असलेले सूत्र वापरतात. त्यात ऊर्जा-अंतराची प्रभावी किंमत काय धरायची, यावर पुष्कळ वाद आहे. नेहमी वापरली जाणारी किंमत १.२१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. व्हेलोच्या सेन्सरवर तापमान बदलत करंट मोजून निघालेली सरासरी किंमत १.१६, आणि तिच्यावरच्या दोन अनिश्चितता ०.०३ आणि ०.०४. उणे ७ वरून २० अंशांवर न्यायचे तर पहिल्या किमतीने करंट १३.८ पट होतो, दुसरीने १२.५ पट. दहा टक्क्यांचा फरक केवळ एका स्थिरांकामुळे. तुलना करणाऱ्याने आधी दोघांनी कोणती किंमत धरली ते विचारावे.

तापमान बदलून मोजण्याचा दुसरा उपयोग म्हणजे करंट कुठून येतो ते ओळखणे. सिलिकॉनच्या पोटातून येणारा करंट तापमानाबरोबर घातांकी उसळतो. पृष्ठभागावरून सरपटणारा फारसा हलत नाही. नवे असताना काही सेन्सरमध्ये पृष्ठभागाचाच वाटा मोठा होता आणि मारा बसू लागल्यावर तो बराचसा निवला. अशा सेन्सरचा आलेख सुरुवातीला उलट दिशेने जाताना दिसतो आणि नवखा माणूस गोंधळतो.

मोजलेला आकडा असा: उणे ७ अंशांवर सरासरी १८ मायक्रोअँपिअर, दर व्यस्त फेम्टोबार्नमागे. तो कितपत पटतो ते कागदावर करून पाहता येते. सेन्सरचे घनफळ सुमारे ०.८ घन सेंटिमीटर. आतल्या कडेवर एका व्यस्त फेम्टोबार्नला ३७-३८ लाख कोटी कण धरले, तर व्यस्त-वर्गाने पसरवून संपूर्ण सेन्सरची सरासरी निघते पाचेक लाख कोटी. प्रमाणित झीज-स्थिरांक सांगतो, की दर लाख कोटी कणांमागे एका घन सेंटिमीटरमधून २० अंशांवर सुमारे ४० मायक्रोअँपिअर. गुणाकार केला की १६० आला, १३.८ ने भागून उणे ७ वर आणला की ११ ते १२.

अकरा आणि अठरा! मग घोडे कुठे पेंड खाते? तो स्थिरांक ६० अंशांवर ८० मिनिटे ऍनिलिंग केलेल्या नमुन्याचा आहे. ऊब मिळाली की काही दोष आपसांत मिटतात आणि करंट उतरतो. व्हेलोचे सेन्सर मात्र बहुतेक काळ थंडीत गोठलेले, त्यांचे दोष मिटायला वावच नव्हता, म्हणून त्यांना लागू होणारा स्थिरांक बराच मोठा. तापमानाचा रोजचा इतिहास घालून केलेल्या सविस्तर हिशेबात मोजमाप आणि अंदाज उत्तम जुळले. डिटेक्टर कोणत्या दिवशी किती तास गरम होता याची वही ठेवणे म्हणूनच करंट वाचण्याइतकेच महत्त्वाचे.

पण करंट संपूर्ण सेन्सरची बेरीज सांगतो. आतल्या कडेला काय चालले आहे, बाहेर काय, याबद्दल तो मुका आहे.

दुसरी नाडी: किती व्होल्टेज पुरते

सेन्सरने कणाचा सगळा प्रभार गोळा करायचा, तर त्याच्या पूर्ण जाडीत विद्युतक्षेत्र पोहोचले पाहिजे, म्हणजे सिलिकॉन पूर्ण डिप्लीट झाले पाहिजे. त्यासाठी लागणारे व्होल्टेज माऱ्याबरोबर बदलते. एन-प्रकारात आधी दात्या (इलेक्ट्रॉन देणाऱ्या) अशुद्धींचा प्रभाव घटतो आणि ग्राहीसारखे (इलेक्ट्रॉन धरणारे) वागणारे दोष वाढतात. व्होल्टेज उतरत उतरत तळाला जाते, तिथे सिलिकॉन उलटून पी-प्रकारासारखे होते (या प्रकार-पालटाला पुढे ‘उलटी’ म्हटले आहे) आणि मग व्होल्टेज चढत जाते.

नव्या सेन्सरचे डिप्लीशन व्होल्टेज कारखान्यातच कपॅसिटन्स मोजून काढलेले असते. यंत्रात बसवल्यावर ती सोय नाही. म्हणून व्हेलोत दुसरा मार्ग काढला. दर पाचवे मॉड्यूल ‘परीक्षार्थी’ करायचे. बाकीच्या मॉड्यूलवर नेहमीचे १५० व्होल्ट ठेवून त्यांच्या आधारे कणाची वाट आखायची. परीक्षार्थीवर ० ते १५० व्होल्ट, १०-१० च्या पायऱ्यांनी. आखलेली वाट परीक्षार्थी सेन्सरला जिथे छेदते, तिथल्या मोजक्या पट्ट्यांतला प्रभार उंबरठा न लावता वाचायचा. मग परीक्षार्थी बदलायचे, असे करत सगळ्यांची पाळी येते. वर्षातून तीनेकदा हे स्कॅन व्हायचे, आणि तेही झोत चालू असताना, म्हणजे भौतिकशास्त्राच्या नोंदींचा मौल्यवान वेळ खर्चून.

यातला ‘उंबरठा न लावता’ हा भाग फार मोलाचा. नेहमीच्या नोंदीत ठरावीक पातळीखालचे सिग्नल फेकले जातात. त्याच नोंदींवरून प्रभार मोजला तर कमी व्होल्टेजचे दुबळे सिग्नल आधीच गाळलेले असतात, उरलेल्यांची सरासरी फुगते आणि सेन्सर आहे त्यापेक्षा तंदुरुस्त दिसतो. परीक्षार्थीच्या खुणा वाट आखायला वापरणे हीदेखील तीच चूक. ज्याची परीक्षा आहे, त्यालाच पर्यवेक्षक नेमण्यासारखे.

प्रभाराच्या वितरणाचे शिखर व्होल्टेजबरोबर चढते आणि मग सपाट होते. सपाटीच्या ८० टक्के उंची ज्या व्होल्टेजला गाठली जाते, त्याला ‘प्रभावी डिप्लीशन व्होल्टेज’ म्हटले. ८० हा आकडा हवेतून आलेला नाही. नव्या सेन्सरवर कपॅसिटन्सच्या मापाशी सर्वांत चांगला मेळ याच आकड्याला बसला. मारा त्रिज्येनुसार पालटतो म्हणून प्रत्येक सेन्सरचे पाच वर्तुळाकार भाग केले, असे की एका भागात मारा दुपटीपेक्षा जास्त बदलू नये.

निकाल असे. एन-ऑन-एन सेन्सर सुमारे १५ लाख कोटी कणांवर उलटले. कोलायडरवर या जातीच्या सेन्सरची उलटी झाल्याचे हे पहिले निरीक्षण. त्यानंतर दर लाख कोटी कणांमागे प्रभावी व्होल्टेज सरासरी १.३५ व्होल्टने चढले. एन-ऑन-पी सेन्सरकडून उलटीची अपेक्षा नव्हतीच, तरी पहिल्या ३ लाख कोटी कणांत त्यांचे व्होल्टेज सुमारे २५ व्होल्टने उतरले. याचे कारण असे मांडले जाते, की बोरॉनचे अणू निकामी होतात आणि त्यात ऑक्सिजनचा हात असतो. पुढे तेही दर लाख कोटींना १.४३ व्होल्टने चढू लागले, म्हणजे अनिश्चिततेच्या आत दोघांचा वेग एकच.

या मापाची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. उलटीच्या क्षणी खरे डिप्लीशन व्होल्टेज शून्याजवळ जाते, पण मोजलेले जात नाही. फार कमी व्होल्टेजवर प्रभार हळू सरकतो, २५ नॅनोसेकंदांच्या टकरींच्या तालाशी जुळवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सला तो वेळेत मिळत नाही, आणि आलेखाला खोटा तळ लागतो. तळ गाठल्यासारखे दिसले म्हणजे उलटी झाली असे मानू नये. पुढच्या दोन-तीन स्कॅनमध्ये तो चढताना दिसावा लागतो.

झोताचा वेळ न खाणारी आणखी एक युक्ती आहे: झोत नसताना व्होल्टेज बदलत गोंगाट मोजणे. नव्या एन-ऑन-एन सेन्सरमध्ये विद्युतक्षेत्र पाठीकडून पट्ट्यांकडे वाढते. ते पट्ट्यांपर्यंत पोहोचेपर्यंत पट्ट्या एकमेकींपासून सुट्या होत नाहीत आणि गोंगाट जास्त राहतो. पोहोचले की तो झपकन पडतो. उलटी झाल्यावर क्षेत्र पट्ट्यांकडूनच वाढायला लागते, म्हणून गोंगाट थोड्याच व्होल्टेजला पडतो, मग सेन्सर अर्धाच डिप्लीट झालेला का असेना. म्हणजे उलटीनंतर ही पद्धत डिप्लीशन व्होल्टेज सांगू शकत नाही, पण उलटी झाली की नाही हे छान सांगते. दोन पद्धतींची उत्तरे फाकू लागली, की समजावे.

याच गुणामुळे झोताजवळ एन-ऑन-एन निवडले होते: उलटीनंतर पूर्ण डिप्लीट न होताही पट्ट्यांकडचा भाग काम देतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने याच कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगाच्या ‘प्रीशॉवर’ या डिटेक्टरसाठी विकसित केलेले आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झालेले ६३ मिलिमीटर चौरस, ३२ पट्ट्यांचे सेन्सर पी-ऑन-एन जातीचे. त्यांत उलटीनंतर क्षेत्र पाठीकडून वाढते आणि पुरेसे व्होल्टेज देण्यावाचून गत्यंतर नसते.

पाणी कुठे मुरत होते

आता ते कोडे. करंट ठीक, प्रभावी व्होल्टेज ठीक, १५० व्होल्ट भरपूर पुरेसे. तरी आर-सेन्सरमध्ये आखलेल्या वाटेवर खूण सापडण्याचे प्रमाण, म्हणजे क्लस्टर-कार्यक्षमता, घसरत होती. सेन्सरची सरासरी पाहिली असती, तर ‘थोडी घट’ एवढेच दिसले असते. त्रिज्येनुसार तुकडे केल्यावर चित्र उलटे निघाले. झोताजवळचा, सर्वांत मार खाल्लेला भाग बरा होता आणि बाहेरचा भाग गळत होता. फाय-सेन्सरमध्ये ही गळती जवळजवळ नव्हती. त्याच मॉड्यूलवर, त्याच माऱ्यात, पाठीला पाठ लावून बसलेला जोडीदार शाबूत. म्हणजे दोष सिलिकॉनच्या पोटात नव्हता. पोटातली झीज दोघांची सारखीच.

फरक होता तो वरच्या धातूच्या जाळ्यात. आर-सेन्सरच्या आतल्या कमानींचा सिग्नल बाहेरच्या कडेच्या चिपपर्यंत न्यायला दुसऱ्या धातूथराच्या बारीक तारा लागतात. इन्सुलेटरच्या थरावरून, कमानींना काटकोनात, त्या आतून बाहेर धावतात. आतल्या भागावर अशा तारा थोड्या, बाहेर जावे तशा वाढत जातात आणि बाहेरच्या पट्ट्यांवर त्यांची दाटी होते. भरीला बाहेर पट्ट्यांमधले अंतरही मोठे, म्हणजे पट्टीपासून दूर पडणाऱ्या कणांना जागा जास्त. फाय-सेन्सरमध्ये आतल्या पट्ट्यांच्या तारा बाहेरच्या पट्ट्यांच्या नेमक्या डोक्यावरून नेल्या आहेत. खाली पट्टी असल्याने तार सिलिकॉनपासून झाकली जाते.

दुसरा पुरावा अगदी वेगळ्या टोकाकडून आला. आर-सेन्सरच्या आतल्या पट्ट्यांवर कमी उंचीच्या क्लस्टरचा एक नवा ढीग जमत होता. एकटे पाहिले तर तो गोंगाट वाटतो. पण प्रत्येक वाट बाहेरच्या भागात जिथे छेदते तिथून वर पाहायचे: कोणती तार तिथून जाते, ती आत कोणत्या पट्टीला जोडलेली आहे, आणि नेमक्या त्याच पट्टीवर त्याच टकरीत खोटी खूण उमटली आहे का? उमटली होती. बाहेर हरवलेला प्रभार आत दुसऱ्याच्या नावावर जमा होत होता.

मग वाटांचे आणखी बारीक वर्गीकरण केले. एका अक्षावर कणाचे जवळच्या पट्टीपासूनचे अंतर, दुसऱ्यावर जवळच्या तारेपासूनचे. पट्टीवर पडलेले कण सुरक्षित. पट्टीपासून लांब आणि तारेच्या अगदी खाली पडलेले सर्वांत जास्त हरवलेले. यासाठी वाट काही मायक्रोमीटरपर्यंत ठाऊक असावी लागते आणि आकडेवारीही भरपूर लागते. ती नेहमीच्या नोंदींतून आपोआप साठलेली होती. इथे खास स्कॅनपेक्षा जुनी वही उपयोगी पडली.

सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट व्होल्टेजची. मार खाल्लेल्या सेन्सरला व्होल्टेज वाढवून द्यावे हा या धंद्यातला पहिला धडा. सुरुवातीला या सेन्सरचीही कार्यक्षमता व्होल्टेजबरोबर सुधारत होती. मारा साचत गेला तसा कल उलटला आणि शेवटी त्याच सेन्सरची कार्यक्षमता १५० व्होल्टपेक्षा ७० व्होल्टला चांगली निघाली. कोणी कार्यक्षमता घसरली म्हणून सवयीने व्होल्टेज चढवले असते, तर दुखणे वाढलेच असते.

पटणारे स्पष्टीकरण पृष्ठभागाजवळच्या क्षेत्ररेषांत आहे. नव्या सेन्सरमध्ये जवळपास सगळ्या रेषा पट्ट्यांवर संपतात आणि वरच्या तारांना प्रभाराची चाहूल लागत नाही. माऱ्यानंतर सिलिकॉन आणि ऑक्साइड यांच्या सीमेजवळची परिस्थिती पालटते, सगळ्या रेषा पट्टीवर संपत नाहीत, दोन पट्ट्यांच्या मधोमध आलेल्या प्रभाराचा काही वाटा डोक्यावरच्या तारेत उमटतो. करंट किंवा डिप्लीशनची मापे हे पकडू शकत नाहीत, कारण ती पोटाची नाडी आहे आणि हे कातडीचे दुखणे.

मग काय करायचे

७० व्होल्टला कार्यक्षमता चांगली, तर सगळे ७० वर आणावे? तसे करता येत नव्हते. २०११ अखेर आतल्या कडेवर उलटीनंतर आणखी सुमारे ३० लाख कोटी कण पडले होते, म्हणजे तळापासून चाळीसेक व्होल्टची चढण. पुढच्या प्रत्येक व्यस्त फेम्टोबार्नला आतल्या कडेचे प्रभावी व्होल्टेज पन्नासेक व्होल्टने चढणार. बाहेरची कार्यक्षमता वाचवायला व्होल्टेज उतरवले, तर आतल्या कडेचा प्रभार जातो, आणि व्हेलोचे सगळे मोल त्या आतल्या कडेत आहे. बी-मेसॉन हा अल्पायुषी कण टक्करबिंदूपासून काही मिलिमीटरवर कुठे फुटला हे तीच सांगते. दर सेन्सरला एकच हाय-व्होल्टेज चॅनेल असल्याने आत वेगळे, बाहेर वेगळे असे व्होल्टेज देता येत नाही.

हीच चढण सरळ रेषेत वाढवली, तर ५०० व्होल्टची मर्यादा गाठायला उलटीनंतर सुमारे ३७० लाख कोटी कण लागतात, म्हणजे ढोबळमानाने दहा व्यस्त फेम्टोबार्न. एलएचसीबीने २०१८ पर्यंत नोंदवलेली एकूण मिळकत सुमारे ९ होती. गणित इतके काठाशी असेल, तर डिटेक्टर दोन दिवस गरम राहिला का चार, याला किंमत येते. थोडी ऊब हितकारक असते. २० अंशांवर पन्नासेक तासांत दोषांचा एक भाग मिटतो आणि लागणारे व्होल्टेज उतरते. तीच ऊब लांबली तर उलटे ऍनिलिंग सुरू होते आणि व्होल्टेज कायमचे चढते. त्याचा कालमापक २० अंशांवर सुमारे ४७५ दिवस, उणे १० वर शेकडो वर्षे. देखभालीसाठी डिटेक्टर बंद असतानाही थंड ठेवायचा आग्रह यासाठीच, आणि थंडावा बंद करायची परवानगी तासांच्या हिशेबाने द्यायची ती यामुळे.

तारांच्या गळतीला यंत्रात बसलेल्या सेन्सरवर उपाय नव्हता. ती फक्त मोजून, अनुकरणात घालून चालवून घ्यायची. पुढचे सेन्सर आखताना मात्र तिचा विचार करता येतो: तार नेहमी पट्टीच्या डोक्यावरून न्यावी, नाहीतर ती सेन्सरवर असूच नये. २०१८ नंतर पट्ट्यांचा व्हेलो काढून बसवलेल्या नव्या व्हेलोत ५५ मायक्रोमीटरचे चौरस पिक्सेल आहेत आणि प्रत्येक पिक्सेल थेट खालच्या चिपला धातूच्या थेंबाने जोडलेला आहे. सिलिकॉनवरून आडव्या धावणाऱ्या लांब तारा त्यात नाहीत. सेन्सर २०० मायक्रोमीटर जाड, एन-ऑन-पी जातीचे, आणि झोतापासूनचे अंतर ५.१ मिलिमीटर. ५० व्यस्त फेम्टोबार्नअखेर आतल्या टोकाला धरलेला मारा आहे ८,००० लाख कोटी, आणि त्याच सेन्सरचे बाहेरचे टोक त्याच्या कितीतरी कमी माऱ्यात बसलेले असेल.